एका सम्राटाची चार नावं

सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी भिक्खू आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण त्याचं नाव नेमकं काय? एका पुस्तकात ह्युएन त्संग, दुसऱ्यात युआन श्वांग, अलीकडच्या लेखांत शुआनत्सांग. लिप्यंतराच्या पद्धती बदलत गेल्या आणि 'ह्युएन'चं 'शुआन' झालं, हे समजू शकतं. 'युआन' मात्र उच्चाराच्या फरकातून आलेलं नाही. ते मुळात वेगळंच अक्षर आहे आणि ते त्याच्या नावात शिरलं, ते तो वारल्यावर काही शतकांनी. कारण त्याच्या नावातलं पहिलं अक्षर पुढच्या काळात राजघराण्याच्या वाट्याला गेलं आणि इतरांनी ते लिहायचं नाही असं ठरलं.

चिनी इतिहास वाचायला घेतलेला बहुतेक माणूस नावांपाशी अडखळतो. तोच सम्राट दोन पुस्तकांत दोन नावांनी येतो, तोच कवी तीन नावांनी. हा गोंधळ वाटतो, पण त्यामागे अत्यंत काटेकोर व्यवस्था आहे. तिथलं प्रत्येक नाव कुणीतरी, कधीतरी, एका ठरावीक नात्यातून दिलेलं असतं. कुणी दिलं आणि केव्हा दिलं हे ओळखता आलं, की नुसत्या नावावरून पुष्कळ इतिहास उलगडतो.

वंशाचं नाव कुठून येतं?

सुरुवात राजवंशांपासून करू. हान, तांग, सोंग ही आडनावं नाहीत. तांग सम्राटांचं आडनाव ली, सोंग सम्राटांचं झाओ. मग 'तांग' कुठून आलं? वंशाचा संस्थापक ली युआन सम्राट होण्याआधी 'तांगचा सरदार' या पदवीचा धनी होता. ६१८ मध्ये त्याने सत्ता घेतली तेव्हा जहागिरीचं नाव साम्राज्याला मिळालं. सोंग हे नाव सोंगझोऊ या ठाण्यावरून आलं. संस्थापक झाओ क्वांगयिन याची लष्करी नेमणूक तिथली होती. हान घराण्याचंही तसंच. त्याचा संस्थापक आधी 'हानचा राजा' होता.

ही रीत मोडली मंगोलांनी. कुबलाई खानाकडे चीनमधली अशी जुनी जहागीर नव्हती. १२७१ मध्ये त्याने 'यीजिंग' या प्राचीन ग्रंथातून 'युआन' हा शब्द उचलला; अर्थ आदि, मूळ. पुढे मिंग म्हणजे तेजस्वी आणि चिंग म्हणजे निर्मळ. म्हणजे वंशाचं नाव गावाचं आहे की गुणाचं, एवढ्यावरूनही तो काळ तेराव्या शतकाच्या अलीकडचा की पलीकडचा याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

काही नावं मात्र त्या काळातल्या माणसांनी कधी ऐकलीच नव्हती. खायफंग राजधानी असताना तिथला कुणीही स्वतःला 'उत्तर सोंग'चा रहिवासी म्हणत नसे. ११२७ मध्ये ते शहर हातचं गेलं, दरबार दक्षिणेला आजच्या हांगझोऊकडे सरकला, आणि मग मागाहून इतिहासकारांनी एकाच वंशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पाडले. पश्चिम हान आणि पूर्व हान हेही राजधानीच्या जागेवरून पडलेले भाग आहेत. त्याहून जुन्या दोन कालखंडांना तर पुस्तकांनी नावं दिली. 'वसंत-शरद' हा काळ लू राज्याच्या त्याच नावाच्या बखरीवरून ओळखला जातो. तिच्यात इसवी सनापूर्वी ७२२ ते ४८१ या वर्षांच्या नोंदी आहेत. त्यानंतरचा 'लढत्या राज्यांचा काळ' हे नाव हान काळात ल्यू शियांगने संपादित केलेल्या ग्रंथामुळे रूढ झालं.

जिवंतपणीचं नाव, मेल्यावरचं नाव

आता सम्राटाकडे वळू. शुआनत्सांग भारतातून परतला तेव्हा चीनमध्ये ज्याचं राज्य होतं, त्याचंच उदाहरण घेऊ.

आईवडिलांनी ठेवलेलं त्याचं नाव शिमिन, आडनाव ली. त्याच्या राजवटीची वर्षं 'झेनग्वान' या नावाने मोजली गेली. झेनग्वानचं पहिलं वर्ष म्हणजे ६२७. ६४९ मध्ये तो वारल्यावर पूर्वजांच्या मंदिरात त्याच्या नावाची पाटी बसवली, तिच्यावर 'ताइत्सोंग'. आणि त्याच्या कारकिर्दीचं मूल्यमापन करून दिलेलं मरणोत्तर नाव 'वेन', म्हणजे विद्यासंपन्न, सुसंस्कृत. माणूस एक, नावं चार. त्यांतलं मूळ नाव घेण्याची सोय प्रजेला नव्हती. इतिहासात तो तांग ताइत्सोंग म्हणून ओळखला जातो. हे नाव त्याने स्वतः हयातीत कधीच ऐकलं नाही.

या चारांतलं मरणोत्तर नाव फार जुनं आहे. झोऊ काळापासून ते चालत आलं. राजा गेला की दरबाराने त्याच्या वागण्याचा विचार करून एक अक्षर निवडायचं. 'वू' म्हणजे पराक्रमी. 'ली' म्हणजे जुलमी. झोऊ वंशातल्या ज्या राजाला इसवी सनापूर्वी ८४१ मध्ये लोकांनी राजधानीतून हुसकून लावलं, त्याच्या वाट्याला हे अक्षर आलं. सत्ताधीश मेल्यावर का होईना, त्याच्या नावातच निकाल कोरून ठेवायचा, ही फार धाडसी कल्पना आहे असं मला वाटतं.

पहिल्या सम्राटाला ती सहन झाली नाही. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकल्यावर त्याने 'हुआंगदी' ही नवी पदवी तयार केली. तोवर राजाला 'वांग' म्हणत. त्याच वेळी मरणोत्तर नावांची प्रथा त्याने बंद केली. मुलाने बापाची आणि सेवकाने धन्याची पारख करावी हे त्याला मान्य नव्हतं. त्याऐवजी पहिला सम्राट, दुसरा, तिसरा अशी दहा हजार पिढ्यांची मोजणी चालावी असं त्याने फर्मावलं. या फर्मानानंतर पंधरा वर्षांच्या आत त्याचं घराणं संपलं आणि हान दरबाराने जुनी प्रथा पुन्हा सुरू केली. म्हणून आपण हान वेनदी, हान वूदी अशी नावं वाचतो. शेवटचं 'दी' म्हणजे सम्राट.

या निकालाचा सर्वांत बोचरा नमुना स्वी वंशात सापडतो. दक्षिणेकडच्या चेन राज्याचा शेवटचा राजा ६०४ मध्ये वारला, तेव्हा स्वीच्या सम्राटाने त्याला 'यांग' हे निंदेचं अक्षर दिलं. कर्तव्य विसरलेला, चैनीत बुडालेला असा त्याचा रोख. चौदा वर्षांनी त्या सम्राटाचाच खून झाला, स्वी घराणं संपलं, आणि नव्या तांग दरबाराने त्याच्यासाठी नेमकं तेच अक्षर निवडलं. आज जग त्याला स्वी यांगदी म्हणतं.

'त्सू' आणि 'त्सोंग'

मंदिरातलं नाव दोन अक्षरांचं असतं आणि दुसरं अक्षर बहुधा 'त्सू' किंवा 'त्सोंग'. ढोबळमानाने, ज्याने घराणं उभं केलं तो त्सू आणि ज्याने पुढे चालवलं तो त्सोंग. 'ताइत्सू' किंवा 'गाओत्सू' दिसलं, की हा संस्थापक असं सहसा समजावं.

पण यातही राजकारण येतं. मिंग वंशातला योंगल सम्राट संस्थापकाचा मुलगा. पुतण्याला गादीवरून खाली खेचून तो सत्तेवर आला. मेल्यावर त्याला ताइत्सोंग म्हटलं गेलं. शंभराहून अधिक वर्षांनी, १५३८ मध्ये, जियाजिंग सम्राटाने ते बदलून 'चेंगत्सू' केलं. जियाजिंग स्वतः आधीच्या सम्राटाचा चुलतभाऊ, म्हणजे बाजूच्या फांदीतून आलेला. योंगलला संस्थापकांच्या ओळीत बसवलं की बाजूच्या फांदीतून नवी परंपरा सुरू होऊ शकते हे सिद्ध होतं. एक अक्षर बदलून शतकापूर्वीच्या पूर्वजाला आजच्या कामाला लावता येत होतं.

वाडग्याच्या बुडाशी सहा अक्षरं

पुढचा प्रकार 'झेनग्वान'सारख्या कालनामाचा. चिनी भाषेत 'न्यानहाव', अक्षरशः वर्षाचं नाव. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान वूदीच्या कारकिर्दीत ही पद्धत सुरू झाली. शुभ अर्थाची दोन अक्षरं जाहीर करायची आणि तिथून वर्षं मोजायची. दुष्काळ पडला, शुभशकुन दिसला, मोठा विजय मिळाला, की नवं नाव काढून पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. वू त्सेतियान ही चीनची एकमेव स्त्री-सम्राट. ६९० ते ७०५ या तिच्या पंधरा वर्षांत दहाहून अधिक कालनामं झाली. कारकुनांचे काय हाल झाले असतील!

१३६८ मध्ये मिंग घराण्याने हा घोळ मिटवला. एका सम्राटाला एकच कालनाम. त्याला एकच ठळक अपवाद झाला. १४४९ मध्ये मंगोलांच्या हाती सापडलेला सम्राट १४५७ मध्ये पुन्हा गादीवर आला, तेव्हा दुसऱ्या खेपेला दुसरं नाव घ्यावं लागलं.

जिंगदझेनच्या भट्ट्यांतलं निळ्या नक्षीचं पांढरं वाडगं संग्रहालयात पाहायला मिळालं, तर त्याच्या बुडाचा फोटो जरूर पाहावा. तिथे निळ्या रंगात तीन-तीन अक्षरांच्या दोन उभ्या ओळी असतात. उजवी ओळ आधी वाचायची, वरून खाली: 'दा', 'मिंग', 'शुआन'. मग डावी: 'द', 'न्यान', 'झी'. महान मिंग, शुआनद काळ, वर्षात, बनवलं. शुआनद म्हणजे १४२६ ते १४३५. सहा अक्षरांत वंशही आला आणि राजवटही. अर्थात तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण शुआनदच्या भांड्यांची कीर्ती एवढी होती, की पुढच्या शतकांतल्या कारागिरांनीही त्याच खुणा रंगवल्या. माती, चकाकी आणि निळ्या रंगाची जात पाहूनच जाणकार निर्णय देतात.

राजवट आणि कालनाम एकच झाल्यावर लोकांनी सम्राटालाच त्या नावाने ओळखायला सुरुवात केली. कांगशी हे म्हणूनच माणसाचं नाव नव्हे. 'कांगशी काळातला सम्राट' याचं ते संक्षिप्त रूप. तो गादीवर आला १६६१ मध्ये. पण नवं कालनाम पुढच्या नववर्षापासून लागू करण्याची रीत होती, म्हणून कांगशीचं पहिलं वर्ष १६६२.

> चौकट: नावावरून काळ ओळखताना
>
> तांगच्या आधीचे सम्राट मरणोत्तर नावाने ओळखले जातात, उदाहरणार्थ हान वूदी. पुढे ही नावं लांबत गेली. ताइत्सोंगचं एका अक्षराचं नाव ७५४ पर्यंत सात अक्षरांचं झालं होतं, कांगशीचं तर वीसहून अधिक अक्षरांचं. शिवाय सगळीच स्तुती, मग त्यातून निवाडा काय कळणार? म्हणून तांगपासून युआनपर्यंत मंदिरातलं नाव चालतं. मिंग आणि चिंग काळात एका राजवटीला एकच कालनाम असल्याने तेच सर्वांत सोयीचं ठरलं: योंगल, कांगशी, चियानलोंग.

साठ वर्षांचं चक्र

कालनामांच्या जोडीला वर्षं मोजण्याची आणखी एक रीत होती आणि मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. गुढीपाडव्याला पंचांगात नव्या संवत्सराचं नाव वाचतात; प्रभवपासून क्षयपर्यंत साठ नावं संपली की पुन्हा प्रभव. चिनी चक्रही साठाचंच, फक्त ते वेगळ्या हिशेबाने तयार होतं. दहा अक्षरांची एक माळ आणि बारांची दुसरी. दोन्ही दर वर्षी एकेक घर पुढे सरकतात. पहिल्या माळेतलं पहिलं दुसऱ्या माळेतल्या पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी. दहा वर्षांनी पहिली माळ संपून नव्याने सुरू होते, बारा वर्षांनी दुसरी. दोघी पुन्हा एकदम आरंभाला येतात साठ वर्षांनी.

आधुनिक चीनच्या कितीतरी घटना या दोन अक्षरी वर्षनामांनीच ओळखल्या जातात. १८९४ चं जपानशी झालेलं युद्ध म्हणजे 'जियावू'चं युद्ध. १९११ ची क्रांती म्हणजे 'शिनहाय' क्रांती. अडचण एकच, साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. म्हणून जुन्या कागदात कालनामाची जोड लागते आणि कांगशीच्या बाबतीत तीही पुरत नाही. त्याची राजवट एकसष्ट वर्षं मोजली गेल्यामुळे 'रेनयिन' हे वर्ष तिच्यात दोनदा आलं, १६६२ मध्ये आणि १७२२ मध्ये.

चिंग घराण्याचं शेवटचं कालनाम 'शुआनतोंग' १९१२ च्या फेब्रुवारीत, बाल सम्राट पूयीच्या राज्यत्यागाबरोबर संपलं. तैवानमध्ये मात्र प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासूनची वर्षं अजून मोजतात. तिथे १९१२ हे पहिलं वर्ष.

जे अक्षर लिहायचं नाही

भिक्खूच्या नावातल्या 'युआन'च्या कोड्याचा उलगडा सम्राटाच्या मूळ नावात आहे. ते उच्चारणं आणि लिहिणं निषिद्ध होतं. ताइत्सोंगच्या 'शिमिन'मधलं 'मिन' म्हणजे जनता. तो वारल्यावर महसूल आणि लोकसंख्या पाहणाऱ्या 'जनता खात्या'चं नाव बदलून 'कुटुंब खातं' केलं गेलं. ते नाव पुढे तांग वंश बुडाला तरी टिकलं, थेट विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत.

कांगशीचं मूळ नाव शुआनये. त्यामुळे 'शुआन' हे अक्षर अडचणीत आलं. ते लिहायचं तर शेवटचा फराटा गाळायचा, नाही तर त्याजागी 'युआन' लिहायचं. भिक्खू शुआनत्सांगच्या नावात तेच अक्षर असल्याने तो छापील ग्रंथांत युआनत्सांग झाला. सोंग दरबारानेही पूर्वी एका काल्पनिक पूर्वजाच्या नावावरून याच अक्षरावर बंदी घातली होती. कांगशीच्या नावामुळेच बीजिंगच्या राजवाड्याचा उत्तर दरवाजा 'शुआनवू' होता, तो 'शेनवू' झाला. आज पर्यटक त्याच दारातून बाहेर पडतात.

सख्ख्या भावांचीही सुटका नव्हती. कांगशीच्या मुलांच्या नावांत 'यिन' हे समान अक्षर होतं. त्यांतला एक योंगझेंग सम्राट झाला आणि बाकीच्या भावांना आपलं 'यिन' बदलून 'युन' करावं लागलं. या जाचक नियमाचा आज अभ्यासकांना मोठा फायदा होतो. तारीख नसलेल्या छापील पुस्तकात कोणती अक्षरं टाळली आहेत ते पाहून ते कोणत्या राजवटीत छापलं हे ठरवता येतं.

कवीची तीन नावं

सामान्य विद्वानाचीही नावं एकाहून अधिक. जन्माचं नाव घरच्या वडीलधाऱ्यांसाठी आणि नम्रतेने स्वतःचा उल्लेख करताना. वीस वर्षांचा झाल्यावर टोपी घालण्याचा विधी व्हायचा आणि तेव्हा मिळालेल्या नावाने मित्र नि समवयस्क त्याला हाक मारायचे. त्याला 'त्स' म्हणतात. त्याचा जन्मनावाशी अर्थाचा धागा असे. तीन राज्यांच्या काळातला मुत्सद्दी झूग लियांग याच्या 'लियांग'चा अर्थ उजळ. त्याचं दुसरं नाव कोंगमिंग, अतिशय उजळ. कन्फ्यूशियसचं नाव कोंग छ्यू आणि त्याचं 'त्स' झोंगनी. त्यातल्या 'झोंग'वरून तो बापाचा दुसरा मुलगा हेही कळतं, कारण भावांच्या क्रमासाठी ठरलेली अक्षरं होती.

तिसरं नाव माणूस स्वतः घेई, तेच 'हाव'. सोंग काळातला कवी सू शि १०८० मध्ये हुआंगझोऊला हद्दपार झाला. तिथे गावाच्या पूर्वेच्या उतारावर त्याने जमीन कसली आणि स्वतःला 'दोंगपो', पूर्वेचा उतार, म्हणवून घेतलं. शिक्षा भोगण्याच्या जागेलाच त्याने नावात मानाचं स्थान दिलं. चिनी वाचक त्याला आजही बहुतेक वेळा सू दोंगपोच म्हणतो.

या नामव्यवस्थेत सोलापूरचा एक माणूसही सामावला गेला. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यांत द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही. पाचही जणांच्या चिनी नावांचं शेवटचं अक्षर 'हुआ' होतं, म्हणजे चीन. कोटणीस झाले क दिहुआ. 'को'च्या जवळ जाणारं 'क' हे चिनी आडनाव शोधलं गेलं. त्यांच्या मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत.

उभा धागा, आडवा धागा

ग्रंथांची नावंही अशीच दर्जा सांगतात. 'जिंग' या अक्षराचा मूळ अर्थ मागावरचा ताणा, उभे ताणलेले धागे. ज्यांवर बाकी सगळं विणायचं ते ग्रंथ 'जिंग'. हान काळात त्यांच्याभोवती भविष्यं आणि गूढ अर्थ सांगणारं साहित्य तयार झालं, त्याला 'वेई' म्हणाले. वेई म्हणजे बाणा, आडवा धागा. पुढे बौद्ध भिक्खूंना 'सूत्र' या शब्दाला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा 'जिंग'च निवडला गेला. सूत्र म्हणजेही धागाच.

कोणताही ग्रंथ जन्मतः जिंग नसतो. कन्फ्यूशियसच्या काळी कवितासंग्रह नुसता 'शि' होता. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये हान वूदीने पाच ग्रंथांसाठी राजमान्य पंडित नेमले आणि त्यांचं स्थान पक्कं झालं. 'चार पुस्तकं' ही निवड तर सोंग काळातल्या झू शी या विचारवंताची. त्यांतली दोन म्हणजे मुळात 'लीजी' या मोठ्या ग्रंथाची दोन प्रकरणं. युआन काळात ही चार पुस्तकं सरकारी परीक्षांचा पाया झाली आणि १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत राहिली.

बाकीची अक्षरं ओळखली की अनोळखी ग्रंथाचाही पत्ता लागतो. 'झुआन' म्हणजे भाष्य किंवा चरित्र, 'जी' म्हणजे नोंद, 'शि' म्हणजे इतिहास. शुआनत्सांगच्या ग्रंथाचं नाव पाहा: 'दा तांग शीयू जी'. महान तांग, पश्चिमेकडचे प्रदेश, नोंद. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या बारा भागांना 'ज्युआन' म्हणतात, म्हणजे गुंडाळी. पुस्तकं बांधीव झाली तरी भागाचं जुनं नाव तसंच राहिलं. यातल्या अकराव्या गुंडाळीत महाराष्ट्राचं वर्णन आहे. उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे पण हल्ल्याआधी शत्रूला सूचना देणारे लोक, आणि सम्राट हर्षालाही न जुमानणारा राजा पुलकेशी, हे चिनी वाचकाला त्या 'जी'मुळे कळलं.

इतिहासग्रंथांत तर नावाची जागा हीच टीका असते. चू राज्याच्या राज्यकर्त्यांनी स्वतःला 'वांग' म्हणवून घेतलं, पण 'वसंत-शरद' बखर त्यांना खालच्या दर्जाच्या सरदाराचीच पदवी देते. हान काळातला इतिहासकार सीमा चियान याच्या १३० प्रकरणांच्या 'शिजी'त सम्राटांसाठी वेगळा विभाग आहे. शियांग यू कधीच सम्राट झाला नाही, हानच्या संस्थापकाकडून हरला, तरी सीमा चियानने त्याला त्याच विभागात बसवलं, आणि तेही हान सम्राटाच्या राज्यात राहून.

पुढच्या वंशाने मागच्याचा अधिकृत इतिहास लिहायचा ही रीत रूढ झाली आणि त्याच्या नावात वंशाचं नाव अधिक 'शि' असं जोडलं जाऊ लागलं. 'मिंग शि' चिंग दरबाराने १७३९ मध्ये पुरा केला. चिंगच्या इतिहासाचं काम प्रजासत्ताकात १९१४ मध्ये सुरू झालं आणि १९२७-२८ मध्ये तो छापला गेला, पण त्याच्या नावात एक जादा अक्षर आहे: 'चिंग शि काओ'. काओ म्हणजे मसुदा. संपादकांनी स्वतःच ते अक्षर लावलं, आणि नव्या सरकारने ग्रंथावर बंदीच आणली. बीजिंगमध्ये २००२ पासून त्याच वंशाचा नवा इतिहास सिद्ध करण्याचा मोठा सरकारी प्रकल्प चालू झाला. तो छापून येईपर्यंत अभ्यासक वापरतात तो मसुदाच.